अंगठ्याची साक्ष आणि हृदयाची साक्ष

काळजाचा ठोका चुकणे, छातीत धस्स होणे, ऊर भरून येणे, काळीज पिळवटणे. मनाच्या अवस्था सांगताना मराठी भाषेने नेहमीच छातीचा आधार घेतला आहे. पुढे विज्ञानाने मनाचे अधिष्ठान मेंदूत असल्याचे सांगितले आणि हे वाक्प्रचार केवळ लाक्षणिक आहेत, असे आपण मानू लागलो. रुग्णालयातही हृदयरोगाचा विभाग एका मजल्यावर आणि मनोविकारांचा दुसऱ्या मजल्यावर, अशी वाटणी झाली. तथापि मेंदू आणि हृदय यांच्यातील संवाद क्षणभरही खंडित होत नसतो. नैराश्यावरील एका आधुनिक उपचारात याच संवादाचा उपयोग करून घेण्याचा प्रयत्न गेल्या काही वर्षांत सुरू झाला आहे. उपचार मेंदूवर करावयाचा आणि तो योग्य जागी पोहोचला की नाही हे हृदयाला विचारावयाचे, अशी ही कल्पना आहे. तिची ओळख करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

एका औषधाने सर्वांचे भागत नाही

नैराश्य म्हणजे क्षणिक उदासपणा नव्हे. सतत दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन खिन्न राहणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, स्वतःविषयी अपराधी वाटणे, निर्णय घेता न येणे आणि काही वेळा जगणेच नकोसे होणे, अशी या आजाराची लक्षणे आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) भारतातील सुमारे पाच टक्के प्रौढांना आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने ग्रासल्याचे आढळले होते. म्हणजे वीस जणांच्या कार्यालयात एखादा तरी सहकारी या अनुभवातून गेलेला असण्याचा संभव असतो.

या आजारावर औषधे आणि समुपदेशन हे दोन मुख्य उपाय आहेत व ते अनेकांना गुणकारी ठरतात. परंतु सर्वांनाच नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांना सहभागी करून घेतलेल्या आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या औषधाने लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशच होते. उरलेल्यांना दुसरे, तिसरे, चौथे औषध घेऊन पाहावे लागले आणि प्रत्येक प्रयत्नात काही आठवडे गेले. निरोगी माणसाला काही आठवडे अल्प वाटतील. ज्याला एकेक दिवस ढकलणे कठीण झाले आहे, त्याच्यासाठी तो काळ फार मोठा असतो.

चुंबकाची किमया

औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी जे अन्य उपाय शोधले गेले, त्यांपैकी एक म्हणजे मेंदूचे चुंबकीय उत्तेजन. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘टीएमएस’ म्हणतात. या उपचाराचे मूळ १८३१ सालच्या मायकेल फॅरडे यांच्या शोधात आहे. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तर जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हा तो शोध. वीजनिर्मितीचे जनित्र आणि आपल्या गल्लीतील रोहित्र याच तत्त्वावर चालतात. मेंदूच्या पेशीही विजेच्या भाषेत बोलतात. त्यामुळे त्यांनाही हे तत्त्व लागू पडते.

इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे प्रत्यक्षात करून दाखवले. तांब्याच्या तारेचे वेटोळे डोक्यावर धरून त्यातून अतिशय अल्पकाळ प्रबळ प्रवाह सोडला, तेव्हा समोर बसलेल्या व्यक्तीचा हात आपोआप हलला. ना सुई, ना छेद, ना भूल. हे चुंबकीय क्षेत्र एमआरआय यंत्रातील क्षेत्राइतके प्रबळ असले तरी एक स्पंद हजारांश सेकंदाहूनही कमी काळ टिकतो आणि त्याचा परिणाम कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोहोचतो.

नव्वदच्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर या पद्धतीचे प्रयोग सुरू झाले. नैराश्यात कपाळामागील मेंदूच्या डाव्या भागाचे कार्य मंदावलेले असते, या निरीक्षणावरून त्या भागाला रोज ठरावीक संख्येने स्पंद देण्यात येऊ लागले. २००८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचाराला संमती दिली. मूळच्या पद्धतीत एका बैठकीत साडेसदतीस मिनिटांत ३,००० स्पंद दिले जातात. आठवड्यातून पाच दिवस, साधारणतः चार ते सहा आठवडे. पुढे ६०० स्पंदांची, अवघ्या तीन मिनिटांची एक पद्धत विकसित झाली. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत, ४१४ रुग्णांच्या अनुभवावरून, ती मूळ पद्धतीच्या तोडीची असल्याचे दिसले.

अमेरिकेतील दैनंदिन वैद्यकीय व्यवहारात हा उपचार घेतलेल्या ३०७ रुग्णांचा आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या मूल्यमापनानुसार सुमारे ५८ टक्के रुग्णांत चांगली सुधारणा झाली आणि सुमारे ३७ टक्के जवळजवळ लक्षणमुक्त झाले. औषधांनी ज्यांना गुण आला नव्हता त्यांच्या बाबतीत ही आशादायक गोष्ट आहे. पण उरलेल्या चाळीसहून अधिक टक्के रुग्णांचे काय? सहा आठवडे रोज खेटे घालूनही ज्याला गुण येत नाही, तो ‘आता काहीच उपयोगाचे नाही’ असा समज करून घरी परतण्याची भीती असते. म्हणून उपचार वाया का जातो, हा प्रश्न तांत्रिक असला तरी त्याच्याशी माणसाची उमेद जोडलेली आहे.

अंगठा बोलतो, कपाळ मात्र मुके

वेटोळे डोक्यावर ठेवताना डॉक्टरांपुढे दोन प्रश्न असतात : जागा कोणती आणि शक्ती किती?

शक्तीचा निर्णय अंगठ्यावरून होतो. बँकेच्या व्यवहारात अंगठ्याचे महत्त्व वाचकांस नव्याने सांगावयास नको. ज्याला स्वाक्षरी करता येत नाही, त्याची ओळख अंगठा पटवतो. येथेही काहीसा तसाच प्रकार आहे. मेंदूच्या ज्या पट्ट्यातून हातापायांच्या हालचालींचे नियंत्रण होते, तेथे वेटोळे ठेवून हळूहळू शक्ती वाढवली जाते. दहा स्पंदांपैकी निदान पाच वेळा विरुद्ध हाताचा अंगठा हलला की ती त्या व्यक्तीची किमान मर्यादा मानतात. कवटीची जाडी आणि मेंदूचे तिच्यापासूनचे अंतर माणसागणिक वेगळे असल्याने ही मर्यादाही वेगवेगळी निघते. उपचारासाठी सामान्यतः तिच्या १२० टक्के शक्ती वापरतात.

खरी अडचण जागेची आहे. हालचालींच्या पट्ट्याला स्पंद दिला तर अंगठा उत्तर देतो. कपाळामागील भागाला दिला तर काहीच हलत नाही. रुग्णालाही टाळूवर टिचक्या मारल्यासारखे वाटण्यापलीकडे काही कळत नाही. म्हणून सुरुवातीच्या काळात एक सोपा नियम रूढ झाला : अंगठा हलवणारी जागा शोधावी आणि तेथून पाच सेंटिमीटर पुढे सरकावे. परंतु डोके मोठे असो वा लहान, पाच सेंटिमीटर ते पाच सेंटिमीटरच! जर्मनीतील संशोधकांनी २००१ साली २२ जणांच्या बाबतीत हा नियम तपासून पाहिला, तेव्हा केवळ सात जणांत वेटोळे अपेक्षित भागावर आल्याचे आढळले. इतर पंधरा जणांत ते मागे, हालचालींशी निगडित भागाकडे राहिले होते.

त्यानंतर डोक्याची मापे घेऊन जागा ठरवण्याची सुधारित पद्धत आली. मेंदूचा विद्युत आलेख काढताना डोक्यावर ज्या ठरावीक बिंदूंवर तारा लावतात, त्यांपैकी डाव्या कपाळाकडील ‘एफ-३’ हा बिंदू आज अनेक ठिकाणी वापरला जातो. त्यामुळे डोक्याच्या आकाराचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. पण आकार सारखा असला तरी आतील जोडण्या सारख्या असतीलच असे नाही.

खोलवरचे केंद्र

या जोडण्यांचे महत्त्व समजण्यासाठी मेंदूत थोडे खोल जावे लागेल. दोन्ही अर्धगोलांच्या मधोमध, पुढच्या बाजूस, ‘क्षेत्र २५’ नावाचा एक लहानसा भाग आहे. दुःखाच्या भावनेशी त्याचा निकटचा संबंध असून, गंभीर नैराश्यात तो अतिक्रियाशील असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. न्यूरॉलॉजिस्ट हेलन मेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली, अन्य उपायांनी बरे न झालेल्या सहा रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने विद्युतशलाका बसवून या भागाला उत्तेजन दिले. त्यांपैकी चौघांत सुधारणा टिकून राहिली.

चुंबकीय स्पंद इतक्या खोल पोहोचत नाही. मग टाळूवरून दिलेला उपचार गुण कसा देतो? २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की, कपाळामागील ज्या जागांचे कार्य क्षेत्र २५ च्या कार्याशी व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे एक वर गेले की दुसरे खाली येते, त्या जागांवर उपचार अधिक परिणामकारक ठरतो. थोडक्यात, वरची जागा म्हणजे आतल्या खोलीची घंटा वाजवणारे दारावरचे बटन होय. बटन चुकीचे दाबले तर घंटा दुसऱ्याच घरात वाजेल.

हृदयाला विचारून पाहू

येथे हृदयाचा प्रवेश होतो. क्षेत्र २५ चा संबंध केवळ भावनांशी नाही. हृदय, श्वसन, पचन या अनैच्छिक क्रियांचे नियमन करणाऱ्या केंद्रांशीही ते जोडलेले आहे. तेथून निघणारा मार्ग व्हेगस या मज्जातंतूपर्यंत जातो. मेंदूच्या तळातून निघून मानेतून छातीत आणि पुढे पोटात उतरणारा हा मज्जातंतू हृदयाचा लगाम आहे असे म्हणता येईल. त्याच्या टोकांतून स्रवणारे एक रसायन हृदयाची गती मंद करते. हे १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना १९३६ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

वाचकांना या लगामाचा अनुभव घरबसल्या घेता येईल. मनगटावरील नाडीवर बोटे ठेवून सावकाश दीर्घ श्वास घ्यावा आणि तितक्याच सावकाश सोडावा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. हे मुख्यतः व्हेगसचे कार्य आहे.

आता कल्पना स्पष्ट होईल. कपाळामागील योग्य जागेला स्पंद दिला, तो आतील केंद्रापर्यंत पोहोचला, तेथून व्हेगसपर्यंत गेला, तर हृदयाची गती क्षणभर मंदावली पाहिजे. जागा चुकली तर तसे होणार नाही. हालचालींच्या पट्ट्यासाठी जे काम अंगठा करतो, ते काम येथे हृदय करील.

नेदरलँड्समधील ताबिथा इसेगर, मार्टिन आर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार दहा निरोगी व्यक्तींवर पडताळून पाहिला आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोक्यावरील निरनिराळ्या बिंदूंवर स्पंद देऊन हृदयाचे ठोके नोंदवण्यात आले. कपाळाकडील बिंदूंवर स्पंद दिल्यावर हृदयगती मंदावली. हालचालींच्या पट्ट्यावर दिल्यावर ती उलट वाढली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हृदय ज्या बिंदूवर सर्वाधिक मंदावले तो बिंदू सर्वांचा एकच नव्हता. कोणाचा ‘एफ-३’ होता, तर कोणाचा त्याच्या थोडा मागे. २०२० साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांच्या प्रयोगातही जलद स्पंदांच्या उत्तेजनाने हृदयगती मंदावल्याचे दिसले.

सोळा सेकंदांचा झोका

हृदयाची साक्ष घेणे मात्र अंगठ्याइतके सोपे नाही. अंगठा हलतो किंवा हलत नाही. हृदयाचे ठोके श्वासाने बदलतात, विचाराने बदलतात, यंत्राच्या टकटक आवाजाने दचकल्यावरही बदलतात. या गोंगाटातून स्पंदाचा परिणाम वेगळा कसा काढावा?

त्यासाठी संशोधकांनी तालाचा आधार घेतला. पाच सेकंद स्पंद आणि अकरा सेकंद विश्रांती असे सोळा सेकंदांचे आवर्तन ठेवावयाचे; मिनिटाला पावणेचार आवर्तने होतात. जागा योग्य असेल तर प्रत्येक आवर्तनात हृदयगती खाली येते आणि पुन्हा पूर्ववत होते, जणू कोणी ठरावीक अंतराने झोका द्यावा. इतर कारणांनी होणारे बदल या तालात बसत नाहीत. म्हणून ठोक्यांच्या नोंदीत नेमका सोळा सेकंदांचा ताल किती ठळक उमटतो, हे गणिताने काढता येते. या मापाला संशोधक ‘हृदय-मेंदू युग्मन’ अशा अर्थाचे नाव देतात. शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेली तर हा ताल कोणत्या पातळीला प्रकट होतो, हेही पाहता येते. जागा आणि शक्ती या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अशा रीतीने एकाच नोंदीतून मिळण्याची शक्यता निर्माण होते. २०२४ साली ‘नेचर मेंटल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाचा हा प्रतिसाद आणि उत्तेजित जागेचे क्षेत्र २५ शी असलेले नाते यांचा परस्परसंबंध दाखवण्यात आला.

या पद्धतीचे सर्वांत मोठे आकर्षण तिचा साधेपणा हे आहे. आतील जोडण्या एमआरआयच्या साहाय्यानेही पाहता येतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने अशा प्रतिमांवरून जागा ठरवून, दिवसाला दहा बैठका याप्रमाणे पाच दिवसांत उपचार पूर्ण करण्याची पद्धत विकसित केली आणि २०२२ साली तिला अमेरिकेत संमतीही मिळाली. परंतु त्यासाठी लागणारी यंत्रणा खर्चिक आहे. हृदयाच्या ठोक्यांची नोंद मात्र छातीवर लावलेल्या दोन-तीन तारांनी, कोणत्याही साध्या दवाखान्यात घेता येते.

सावधगिरीचे चार शब्द

इतके वाचल्यावर उत्साह वाटणे स्वाभाविक आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हृदयगतीसंबंधीचे बहुतेक प्रयोग लहान गटांवर झालेले आहेत आणि त्यांत निरोगी व्यक्तींचा भरणा अधिक आहे. हृदयाच्या साक्षीने जागा ठरवल्यास रुग्ण अधिक संख्येने बरे होतात, हे मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतून अद्याप सिद्ध झालेले नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी ठोके मंद करणारी औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत ही साक्ष कितपत विश्वसनीय ठरेल, हाही प्रश्न आहे.

शिवाय, व्यक्तिगत मापन म्हणजे अधिक गुण, असे समीकरण मांडता येत नाही. इंग्लंडमध्ये २५५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मेंदूच्या जोडण्यांचा एमआरआय नकाशा काढून दिलेल्या उपचाराची तुलना मेंदूची केवळ रचना पाहून दिलेल्या उपचाराशी करण्यात आली. दोन्ही गटांतील रुग्णांत सुधारणा झाली, परंतु जोडण्यांच्या नकाशामुळे अधिकचा लाभ दिसला नाही. शास्त्र पुढे जाते ते अशा प्रामाणिक निष्कर्षांमुळेच.

रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी

आज भारतात चुंबकीय उत्तेजनाचा उपचार बंगळुरूची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था अशा ठिकाणी आणि मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत उपलब्ध आहे. तेथे जागा मुख्यतः डोक्याच्या मापावरून ठरवली जाते आणि त्या पद्धतीनेही अनेकांना गुण येतो. म्हणून हृदयाची साक्ष घेणारे यंत्र येईपर्यंत थांबू, असा विचार करण्याचे कारण नाही.

हा उपचार म्हणजे विजेचा झटका नव्हे. रुग्ण पूर्ण जागा असतो आणि बैठक संपल्यावर स्वतः चालत घरी जातो. डोकेदुखी किंवा टाळूला दुखरेपणा हे नेहमीचे त्रास होत. आकडी येण्याचा धोका असतो, परंतु तो क्वचित. डोक्यात धातूची क्लिप, कानात बसवलेले श्रवणयंत्र, छातीतील पेसमेकर किंवा पूर्वी आकडी आल्याचा इतिहास असल्यास डॉक्टरांना आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

खर्चाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये, शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांसाठी वैद्यकीय विम्याची तरतूद करणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. तथापि हा उपचार बहुधा रुग्णालयात दाखल न होता घेतला जातो. त्यामुळे आपल्या विमापत्रात बाह्यरुग्ण उपचारांचा समावेश आहे किंवा कसे, याची आगाऊ व लेखी विचारणा करावी. मनावरील ताण असह्य झाल्यास किंवा जगणे नकोसे वाटू लागल्यास, केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य संपर्क साधता येतो. तेथे मराठीतूनही बोलता येते.

सहा आठवडे रोज उपचाराला जाणे, हे कुटुंबाच्या आणि सहकाऱ्यांच्या साथीवाचून जमत नाही. एखाद्या सहकाऱ्याने रोज तासभर उशिरा येण्याची परवानगी मागितली, तर ती देणे हाही उपचाराचाच एक भाग समजावा. मनाचा आजार दिसत नाही, म्हणून तो पुष्कळदा नाकारला जातो. ‘मनावर घेऊ नकोस’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. कपाळामागे जे घडते त्याची खूण छातीतील ठोक्यांत उमटते आणि ती मोजता येते, हे या संशोधनाने दाखवले आहे. त्यावर आधारलेली पद्धत उद्या दवाखान्यात येईल किंवा तिच्या जागी अधिक चांगली पद्धत येईल. परंतु नैराश्य हा मनाचा कमकुवतपणा नसून शरीरातही ज्याच्या खुणा सापडतात असा, उपचारयोग्य आजार आहे, एवढे तरी आपण आजच मान्य करावयास हरकत नाही.